पेजेच्या पाण्यात पोरं

अंदमानचं विमान जमलं नाही म्हणून मे महिन्यात कर्जतला येणाऱ्या लेकुरवाळ्या घरांना मी आधी पेज नदी दाखवतो. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या तेव्हा कोरड्या ठाक, आणि ही मात्र वाहती! हे पाणी मावळातल्या ठोकरवाडी धरणातलं. एरवी ते भीमेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. टाटांनी ते घाटाखाली उतरवून 1922 मध्ये भिवपुरीला वीज केली. खालापुरातली पाताळगंगाही तशीच, खोपोलीच्या 1915 सालच्या वीजघरामुळे उन्हाळ्यात वाहती. चार-पाच वर्षांच्या मुलांना बेटावरच्या निळ्या समुद्रापेक्षा असं घोट्याएवढं थंड पाणी, गोल गोटे आणि काठावरची करवंदं जास्त भावतात, असं माझं ठाम मत आहे. समुद्राला मुलं आधी भितात, नदीशी लगेच गट्टी करतात. पण वीजघरातली निर्मिती वाढली की आभाळ निरभ्र असतानाही पाणी झपाट्याने चढतं. म्हणून आधी गावातल्या माणसांना विचारा, मुलांचा हात सोडू नका, आणि पावसाळ्यात, कितीही मोह झाला तरी, त्यांना या पात्रात उतरवूच नका.