रात्र अंगावर काढू नये

बालरोगतज्ज्ञाच्या प्रश्नावलीत झोपेला मानाचे स्थान आहे. मूल रात्री किती वेळा उठले, कशाने उठले, पाय दुखतात असे म्हणाले काय, चोळून दिल्यावर शांत झाले काय, हे सारे आपण खोदून खोदून विचारतो. त्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईची रात्र कशी गेली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ती आई मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजेच एमएसची रुग्ण असेल, तर हा न विचारलेला प्रश्न फार महाग पडतो. हा विकार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट अधिक आढळतो. त्यामुळे त्याचा रुग्ण पुष्कळदा एखाद्या लहानग्याची आईच असते. बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लेखणी उचलण्याचे कारण हेच.

शार्को या फ्रेंच वैद्याने १८६८ मध्ये या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते आणि स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांचा तोल बिघडतो. स्नायू ताठरतात. दिवसभर हालचालीत हा ताठरपणा कसाबसा निभावतो; रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत गोळे येतात, गुडघे आपोआप पोटाशी ओढले जातात, तळपायांची आग होते. सकाळी घरचे म्हणतात, "रात्रभर तर पडूनच होती, मग एवढी थकली कशी?"

माझे स्पष्ट मत असे की, ही जागरणे 'आजाराचाच भाग' म्हणून रुग्णाने अंगावर काढू नयेत आणि आपणही त्यांवर केवळ वेदनाशामक किंवा झोपेची गोळी लिहून मोकळे होऊ नये. एमएसमधील निद्रानाशाला एकच एक कारण नसते आणि बहुतेक कारणांवर वेगवेगळा उपाय आहे.

स्नायूंच्या आकड्यांसाठी बॅक्लोफेन आपल्या परिचयाचे आहे. पण त्याचा अंमल काही तासच टिकतो. संध्याकाळी सातला घेतलेली गोळी रात्री दोनला कशी पुरणार? अशा वेळी मात्रा वाढवण्याआधी वेळ बदलून पाहावी. हे औषध एकाएकी बंद करू नये. झटके आणि भ्रम होण्याचा धोका असतो. आग होत असेल तर ती मज्जातंतूंची वेदना असते. तिथे डायक्लोफेनॅक निरुपयोगी आणि गॅबापेंटिन उपयोगी. पाय सतत हलवावेसे वाटणे व हलवल्यावर बरे वाटणे हा 'रेस्टलेस लेग्ज'चा प्रकार एमएसमध्ये अधिक आढळतो. तिथे फेरिटिन तपासावे आणि ते ७५ च्या खाली असल्यास लोह देण्याचा विचार करावा. लघवीसाठी वारंवार उठावे लागणे, मनाची खिन्नता, दिवसा उशिरा घेतलेले स्टेरॉइड याही गोष्टी झोप पळवतात. रुग्ण तरुण स्त्री असल्याने गर्भधारणा व स्तनपान यांची चौकशी केल्याशिवाय यांतील कोणतेही औषध लिहू नये.

आकडी अचानक वाढली तर तिचे मूळ शोधावे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, शय्याव्रण, इतकेच काय, बोटात रुतलेले नखसुद्धा ताठरपणा वाढवते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ताठरपणासाठी टिझॅनिडिन घेणाऱ्या रुग्णाला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन मुळीच देऊ नये. त्यामुळे टिझॅनिडिनचे रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढते, रक्तदाब घसरतो व गुंगी येते. मूळ चिठ्ठी मोठ्या शहरातली आणि जंतुसंसर्गाची चिठ्ठी गावातली, अशा वेळी ही चूक सहज घडू शकते.

आपल्या आदिलाबादकरांसाठी हा मुद्दा कळीचा आहे. मेंदुविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यासाठी येथील रुग्ण सुमारे दोनशे किलोमीटरवरील नागपूर गाठतो किंवा तीनशे किलोमीटरवरील हैदराबाद. रोग आवरणारी औषधे तेथे ठरतात, ते योग्यच. रात्रीची घडी बसवणे मात्र येथेच शक्य आहे. वर उल्लेखिलेल्या तपासण्या आणि औषधे काही दुर्मीळ नाहीत. २००८ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी रिम्स आहे आणि गावोगावी आपण आहोत.

हवामानही येथलेच डॉक्टर जाणतात. उष्म्याने एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले. आपल्याकडे मे महिन्यात भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. झोपण्यापूर्वी गार पाण्याने अंग पुसणे, कूलर, सुती अंथरूण ही येथे चैन नसून उपचार आहे. उलट डिसेंबर-जानेवारीत आपल्या जिल्ह्याचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा काहींचे स्नायू थंडीने आखडतात. त्यांचे पाय उबदार ठेवावेत. दोन्ही ऋतूंत झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटे पोटऱ्या व मांड्यांना सावकाश ताण द्यावा. घरातील कोणीही तो देण्यास शिकू शकतो आणि 'आळशी सून' हा शिक्का पुसण्याची सुरुवातही तेथूनच होते.

१९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. पुणे आणि हैदराबाद येथेही तिच्या शाखा आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एमएसचा समावेश एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत नावानिशी केला. ही माहिती रुग्णाला देणे हेही आपलेच काम होय.

या स्मरणिकेच्या वाचक-वैद्यांना नम्र विनंती एवढीच की, एमएसचा रुग्ण समोर आला की पायांची ताकद तपासण्यापूर्वी "झोप कशी लागते?" असे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी डॉक्टरांच्या विचारण्याची वाट पाहू नये. किती वाजता जाग आली आणि कशाने आली, एवढे आठवडाभर एका वहीत लिहून ती वही सोबत आणावी. पुष्कळदा अर्धे निदान त्या वहीतच सापडते.