बीज जाळेवाल्यांनी सोडले नव्हते

बेंगळुरूत नोकरीला येऊन मला सहा वर्षे झाली. मध्यंतरी इथे महाशीर माशावरच्या एका व्याख्यानाला गेलो. पडद्यावर पहिलीच ओळ होती: नदीतले मासे संपण्यास स्थानिक मच्छीमार जबाबदार. माझे आजोबा भोई. नीरेत जाळे टाकूनच त्यांनी माझ्या वडिलांना सातवीपर्यंत शिकवले. आधी मान खाली गेली, मग राग आला.

कावेरीची हकीकत वेगळीच आहे. पाठीला कुबड आणि नारिंगी पंख असलेला इथला महाशीर जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात आढळतो. 1946 मध्ये कबिनीत 120 पौंडांचा एक गळाला लागला होता. पुढे मासे वाढावेत म्हणून लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात तयार झालेले निळ्या पंखांच्या महाशीरचे बीज कावेरीत सोडले गेले. हेतू चांगला होता. हौसेने गळ टाकणाऱ्यांनाही मासे हवेच होते. पण पाहुणा वाढला आणि घरचा आटत गेला. 2018 मध्ये कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी हीही कारणे आहेतच. सुरुंगात आपल्यातल्या काहींचा हात असतो, हे मी नाकारत नाही. बीज मात्र जाळेवाल्यांनी सोडले नव्हते.

हा निळ्या पंखांचा मासा आपल्या मुळा-मुठेचा. 1839 मध्ये साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने त्याचे वर्णन छापले. 'खुदरी' हा शब्द नदीकाठच्या बोलीतला, शास्त्रात त्यापुढे नाव लागते ते साइक्सचे.

मूळचा-उपरा, शुद्ध-संकर ही भाषा ऐकून आपले कान टवकारतात, आणि ते बरोबरच आहे. पण कावेरीतले हे दोन मासे खरोखर दोन प्रजाती आहेत. जाती तशा नाहीत, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडले. माशाचे शास्त्र माणसाला लावू पाहणाऱ्याला तिथेच थांबवावे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सामन मासे घटू लागले तेव्हा अटक आदिवासी मच्छीमारांना होत असे. 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी जुन्या तहांच्या आधारे त्यांना पकडीतला निम्मा वाटा मिळवून दिला. आज त्या जमाती सरकारच्या बरोबरीने सामनचे नियोजन करतात आणि त्यांचे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आहेत.

महाशीर वाचवण्याच्या प्रत्येक समितीत नदीवर जाळे टाकणाऱ्यांना खुर्ची हवी. मत्स्यशास्त्र शिकलेल्या आपल्या पोरांनी तिथे अर्ज टाकावेत, बोलावण्याची वाट पाहू नये. त्या दिवशी शेवटी मी उठून विचारले, बीज सोडताना काठावरच्या कुणाला विचारले होते का? वक्ते म्हणाले, चांगला प्रश्न आहे. आणि त्यांनी माझा ईमेल लिहून घेतला.