पाटीवरचे विमान

सीईटीचा निकाल लागला की अंबाजोगाईत माझ्या घरच्या ओसरीवर चपलांची संख्या वाढते. बारावीला पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे पालकांना वाटते की सरांना सगळे ठाऊक असते. यंदा केज तालुक्यातले एक शेतकरी मुलाला घेऊन आले. हातात गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तिका, तिच्यावर लढाऊ विमान. बसता बसताच म्हणाले, "सर, पोराला इस्रोत जायचंय. मग एअरोस्पेसच घ्यायला पाहिजे ना? फीचं बघू. रस्त्याकडंचा तुकडा आहे."

तो तुकडा म्हणजे जमीन. हा लेख त्या जमिनीसाठी लिहितो आहे आणि त्या मुलासाठीही.

त्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो, कारण ते मूर्खपणाचे मुळीच नाही. डॉक्टर व्हायला एमबीबीएस लागते, वकील व्हायला एलएलबी. तसे रॉकेट बनवायला एअरोस्पेसची पदवी लागणार, मग ती जिथे मिळेल तिथून घ्यावी. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 उतरले तेव्हापासून हा तर्क मी दरवर्षी ऐकतो. त्यातली चूक उपमेत आहे. वैद्यकीय पदवी आणि नोंदणीशिवाय ॲलोपॅथीचे औषध लिहून देणे हा गुन्हा आहे. एअरोस्पेसच्या पदवीशिवाय रॉकेटचे काम करू नये असा कायदा कुठेही नाही, आणि प्रत्यक्षात रॉकेटवर काम करणाऱ्यांत बहुसंख्य लोक दुसऱ्याच शाखांतून आलेले असतात.

इस्रोच्या केंद्रीय भरतीची जाहिरात काढून वाचा. वैज्ञानिक-अभियंता पदासाठी तिथे प्रामुख्याने तीन शाखा दिसतात: इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्स. पुस्तिका देणाऱ्याने ही जाहिरात त्या बापाला दाखवली नव्हती. मी दाखवली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

आता आपली माणसे बघा. वसंतराव गोवारीकर बर्मिंगहॅमला केमिकल इंजिनिअरिंग शिकले. घन इंधनाचे त्यांनी थुंब्याला जे काम उभे केले, त्याच परंपरेतल्या एसएलव्ही-3 ने 1980 साली रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्या यानाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. 21 नोव्हेंबर 1963 ला थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले तेव्हा तिथे असलेले प्रमोद काळे पदार्थविज्ञानाचे एम.एस्सी. होते. कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटलकडे पीएच.डी. करून आले आणि त्यांच्या हातून एचटी-2 हे प्रशिक्षण विमान घडले. ते 1951 साली उडाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकीचा विभाग 1942 मध्ये निघाला, तो उभा करणाऱ्यांत घाटगे स्वतः होते. म्हणजे ते शिकत होते तेव्हा तो विभाग निघायचाच होता.

यावर उत्तर ठरलेले असते: तो काळ वेगळा होता, तेव्हा कॉलेजेच नव्हती. मान्य. मग अलीकडचे घ्या. 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 मधून 'स्वयम्' नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह गेला. तो पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवला होता, आणि 1854 पासूनच्या त्या कॉलेजात पदवीला एअरोस्पेसची शाखा नव्हती. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरची मुले बॅचमागून बॅच एकमेकांकडे काम सोपवत गेली आणि उपग्रह झाला. चांगल्या कॉलेजात नेमके हेच मिळते. आपल्याआधी कुणीतरी काहीतरी अर्धवट करून ठेवलेले असते आणि ते पुढे न्यायला सोबती असतात. पुस्तिकेच्या फोटोत हे दिसत नाही.

शिवाय विमान हा काही एकट्या शाखेचा विषय नव्हे. प्रवाह, उष्णता, कंपन, धातूची ताकद, नियंत्रण एवढे सगळे त्यात एकत्र येते आणि यातले बहुतेक मेकॅनिकलच्या मुलाला शिकावेच लागते. परळीच्या औष्णिक केंद्रात वाफेवर टर्बाईन फिरते हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. आधी आवळत जाणारा आणि मग फुलत जाणारा नोझल स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या टर्बाईनसाठीच काढला होता, आणि आज रॉकेटच्या शेपटीला तोच असतो. ऊसतोडीला आमची माणसे ज्या कारखान्यांवर जातात, तशा साखर कारखान्यांची यंत्रे घडवत आलेली इंदापूर तालुक्यातली वालचंदनगर इंडस्ट्रीज इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटरची आवरणे बनवते. उसाचा रस काढणारी यंत्रे आणि रॉकेटची आवरणे एकाच आवारात तयार झाली आहेत. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

पैशाचे बोलायलाच हवे, कारण फसवणूक तिथे होते. सरकारी सवलती बहुतांशी राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशातून, म्हणजे कॅप राउंडमधून, मिळालेल्या जागेला असतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना जुलै 2024 च्या निर्णयाने मिळालेली शिक्षण आणि परीक्षा शुल्काची संपूर्ण माफीही तशीच आहे. मुलांनाही प्रवर्गानुसार शिष्यवृत्ती मिळते. खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा मॅनेजमेंट कोटा म्हटला की ही माफी संपली. परराज्यातले कॉलेज असेल तरी राज्याची ही योजना तिथवर येत नाही. बाप मात्र "स्कॉलरशिप बसेल" एवढेच ऐकून आलेला असतो. आमच्या भागात उचल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ऊसतोडीच्या कोयत्यावर आगाऊ घेतलेली उचल फिटता फिटत नाही, आणि इथे तर शिकण्यासाठी घेतलेली नवी उचल.

दुसरा घोळ नावांचा आहे. विमान दुरुस्तीच्या प्रशिक्षणाला काही ठिकाणी सरळ 'एअरोनॉटिकल इंजिनिअरिंग' म्हणून खपवतात. तो अभ्यासक्रम वेगळा. त्याच्या शेवटी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना मिळवायचा असतो आणि विमान उडायला योग्य आहे असे सही करून सांगायचे असते. जबाबदारीचे, मानाचे काम आहे ते. पण त्याने गेट परीक्षेला बसता येईल की नाही, एम.टेक. होईल की नाही, हे प्रवेशाआधी विचारले पाहिजे, आणि संस्था डीजीसीएच्या मान्य यादीत आहे का तेही पाहिले पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. ओसरीवर कुणीतरी हमखास म्हणतो, "आपल्या बीडच्या पोरांना कशाला हे आकाशातलं? नीट द्यावी, नाहीतर पोलीस भरती." हे शहाणपण नाही, ही आपणच आपल्या मुलांना घातलेली दावण आहे. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की धाकट्या भावंडांना सांभाळून गणित सोडवणारी मुले मी शिकवली आहेत. त्यांना कोन समजतो, वेग समजतो, प्रवाह समजतो. त्यांच्याजवळ माहिती नसते आणि चुकायला लागणारा पैसा नसतो, एवढाच फरक. म्हणून तर त्यांना शाखेच्या नावाची पाटी सोडून वाट दाखवायची.

ती वाट मी अशी सांगतो. जेईई ॲडव्हान्समधून मुंबई, मद्रास, कानपूर किंवा खरगपूरच्या आयआयटीत एअरोस्पेस मिळत असेल तर डोळे मिटून घ्यावे. तिरुअनंतपुरमची आयआयएसटी अवकाश विभागाने 2007 साली काढली. तिथेही ॲडव्हान्सच्या गुणांवर प्रवेश होतो, पण नोंदणी वेगळी करावी लागते आणि ती न केल्याने संधी गेलेली मुले मला माहीत आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला इस्रोत जागा मिळतेच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. हे जमले नाही तर सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद, संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचे श्री गुरु गोबिंदसिंहजी, अशा जुन्या, रुळलेल्या कॉलेजात मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. पुढे मेकॅनिकलचा गेट देऊनही आयआयटीच्या एअरोस्पेस एम.टेक.ला अर्ज करता येतो.

एवढे ऐकूनही कुणाला एअरोस्पेस नावाचीच शाखा हवी असेल तर मी आडवा येत नाही. काही ठिकाणी ती मनापासून शिकवली जाते. फक्त बापाने स्वतः एकदा जाऊन यावे आणि चार प्रश्न विचारावेत. विंड टनेल आहे का, आणि आज चालू करून दाखवाल का? शिकवणाऱ्यांत याच विषयात पीएच.डी. केलेले किती? एनबीएचे मानांकन या शाखेला आहे का? (नॅकची श्रेणी सबंध संस्थेला असते, ती दाखवून वेळ मारून नेतात.) मागच्या तीन बॅचची मुले कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाला 'शंभर टक्के प्लेसमेंट' असे उत्तर आले तर कंपन्यांची नावे मागावीत आणि त्यात विमानाशी संबंध असलेल्या किती ते मोजावे.

हे सगळे त्या दिवशी त्या दोघांना सांगितले. वडील पुस्तिका घडी करत होते. मुलगा तोवर एक शब्द बोलला नव्हता. त्याचे तोंड उतरले होते आणि ते मला दिसत होते. चार वर्षे गिअर आणि बॉयलर शिकत बसायचे, ज्या गोष्टीसाठी जीव तुटतो ती नंतर, हे सतरा वर्षांच्या मुलाला जड जाते. माझ्या सगळ्या युक्तिवादाची ही खरी किंमत आहे.

अखेर त्याने विचारले, "सर, मेकॅनिकलला विमान कोणत्या वर्षी येतं?"

मी म्हटले, दुसऱ्या वर्षी फ्लुइड मेकॅनिक्समध्ये दार उघडते. पण थांबायचे कारण नाही, आयआयटीच्या प्राध्यापकांची एअरोडायनॅमिक्सवरची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट आहेत, आज रात्रीपासून ऐक. अर्धे कळणार नाही. जे कळणार नाही ते वहीत लिहून रविवारी माझ्याकडे आण.

त्याने वडिलांच्या हातातून ती पुस्तिका घेतली, मागच्या कोऱ्या पानावर एनपीटीईएल असे लिहिले आणि खाली रविवार, सकाळी नऊ.