घरची बोली, नवा ताल

रायपूरच्या मराठी घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. "मुलं आजीशीसुद्धा हिंदीतच बोलतात आणि दिवसभर कानात ते रॅप!" उरलीसुरली मराठीही या धडधडाटात जाणार, असे आईवडिलांना वाटते. पण दोष खरोखर रॅपचा आहे का?

रॅप म्हणजे तालावर झपाट्याने म्हटलेले शब्द. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील गरीब वस्त्यांत १९७३ च्या सुमारास हिपहॉपचा जन्म झाला. आपले म्हणणे आपल्याच भाषेत ठणकावून सांगायचे, हे त्याचे बळ. छत्तीसगडला हे नवे वाटू नये. तंबुरा हाती घेऊन छत्तीसगडी बोलीत महाभारत जिवंत करणाऱ्या पंडवानी गायिका तीजनबाईंना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. बोली सोडली म्हणून नव्हे, धरून ठेवली म्हणून!

मुंबईच्या 'स्वदेसी' या गटातील तरुणांनीही हेच केले. जो तो आपापल्या भाषेत बोलू लागला. एमसी मवालीची मराठी, एमसी तोडफोडची गुजराती आणि अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरचा वऱ्हाडी ठसका. सौरभने तर आपल्या नावातल्या 'सौ'चा आकडाच केला आणि '१०० आरबीएच' हे नाव घेतले.

मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्याबरोबर या मुलांनी कर्नाटक संगीताचे बोल रॅपमध्ये मिसळले. 'गली बॉय' (२०१९) या चित्रपटातील 'इंडिया ९१' हे गाणे त्याच मेळातून आले. त्याच वर्षी आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन त्यांनी 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. पुढे ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा त्या गाण्यातील कळकळ अनेकांना नव्याने उमगली.

२०२० मध्ये गटाचा पहिला अल्बम आला, 'चेतावनी'. नावाप्रमाणेच तो इशारा देणारा. दोनच वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार अवघ्या २४ व्या वर्षी गेला. मागे राहिले ते त्याचे शब्द, आणि त्यांतले कितीतरी त्याच्या आईच्या भाषेतले.

रायपूरच्या आईवडिलांनी यातून काय घ्यावे? मुलाच्या कानातले यंत्र हिसकावून घेऊ नये. एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून ऐकावे. काही शब्द खटकतील. ते का खटकले, हे मोकळेपणाने सांगावे. मग सहज विचारावे, "तू लिहिलंस तर कुठल्या भाषेत लिहिशील रे?"

कदाचित तो हिंदीच म्हणेल. पण घरी आपण मराठी बोलताना त्याच्या चुकांना हसलो, छत्तीसगडी शब्द मिसळला म्हणून टोकले, तर दुसरे उत्तर येणार तरी कसे? अमरावतीचा ठसका रंगमंचावर मान मिळवू शकतो, तर रायपूरच्या स्वयंपाकघरातील मिसळीच्या मराठीनेच का लाजावे? मुलांना बोलू द्यावे, चुकू द्यावे. ताल त्यांच्याकडे आहेच. शब्द मात्र घरातूनच मिळायला हवेत.