फॉरमॅट नंतर, आधी तापमान मोजा

एप्रिल उजाडला की संगणक दुरुस्तीच्या दुकानांत ठरावीक तक्रारी येऊ लागतात. मशीन मध्येच बंद पडते. पंखा घरघरतो. सकाळी बरे चालते आणि दुपारी साधी फाइल उघडायलाही वेळ लावते. ग्राहक म्हणतो, व्हायरस असेल. दुकानदार म्हणतो, ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो. दोन दिवसांनी मशीन घरी येते, त्यात विंडोज नवेकोरे असते आणि आठवडाभरात तेच दुखणे पुन्हा डोके वर काढते. प्रोसेसर तापतो आहे का, हे या सगळ्यात कोणी पाहिलेलेच नसते.

पाहायला काही खर्च नाही. एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्प असे प्रोग्रॅम घरगुती वापरासाठी मोफत मिळतात आणि प्रोसेसरच्या पोटातल्या सेन्सरचा आकडा थेट पडद्यावर दाखवतात. मशीन रिकामे बसलेले असताना साधारण ३५ ते ५० अंश आणि जड काम चालू असताना ८०च्या आसपास, इतके चालते. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांची आहे, एएमडीच्या रायझेन ५००० मालिकेतल्या बहुतेकांची ९० अंशांची. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान चढत राहिले तर मशीन बंद होते.

ही सोय पूर्वी सगळीकडे नव्हती. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू मशीनवरचे हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, काढून घेण्याची चाचणी केली होती. पेंटियम ४ नुसता मंदावला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला आणि तो कायमचा गेला. त्या चित्रफितीची जगभर चर्चा झाली. आज कुठलाही प्रोसेसर असा जळत नाही, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे दुखणे लपूनही राहते. मशीन मरत नाही, हळू होते. आणि हळू झालेले मशीन पाहून कोणालाही आधी व्हायरसच आठवतो.

महाराष्ट्रात यात उन्हाळ्याची भर पडते. हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात, म्हणजे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली की तेच काम करताना प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर जातो. डिसेंबरात ७० अंशांवर चालणारे मशीन चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांवर असताना, ८५च्या पुढे गेले तर त्यात बिघाड असेलच असे नाही. मात्र तिथे कमाल मर्यादेपर्यंत फारसे अंतर उरत नाही. डिसेंबरात खपून गेलेली धूळ मे महिन्यात खपत नाही.

आणि धूळच बहुतेक वेळा गुन्हेगार असते. कॅबिनेटची बाजू उघडून बाहेरून पाहिले तर पंखा थोडासा मळलेला दिसतो, एवढेच. पंखा सोडवून बाजूला केला की खरे चित्र दिसते: हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा करडा थर नमद्यासारखा जमून बसलेला असतो. पंखा पूर्ण वेगाने फिरतो, पण हवा त्या थरावर आपटून परत येते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमाग भागात हवेत सुताचा तंतू असतो, तिथे हा थर लवकर धरतो. विदर्भात वाळ्याच्या कूलरसमोरच टेबल असेल तर ओलसर हवेने धूळ पात्यांना चिकटून बसते. ही धूळ ब्लोअरने उडवताना वीज काढलेली असावी आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. जोराच्या झोतात ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते.

धूळ काढूनही आकडा उतरला नाही तर हीटसिंक नीट बसले आहे का, हे पाहावे. इंटेलच्या डब्यातून येणारा कूलर वर्षानुवर्षे चार प्लास्टिकच्या पिनांवर बसवला जातो. चौथी पिन अर्धवट दाबली गेली की हीटसिंक एका कोपऱ्यात किंचित उचललेले राहते. हे वरून कळत नाही. मदरबोर्डच्या मागून पाहिले तर चारही पिनांची टोके पूर्ण बाहेर आलेली दिसायला हवीत. मशीन चालू केल्यावर काही सेकंदांतच तापमान ९०च्या वर उडी मारत असेल, तर कारण धूळ नव्हे. हीटसिंक प्रोसेसरला टेकलेलेच नाही असे समजावे. नव्याने असेंबल केलेल्या मशीनमध्ये कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेल्याचीही उदाहरणे आहेत.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेल्या थर्मल पेस्टचे कामही इथेच येते. काही वर्षांत ती वाळते, भेगाळते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली की पुरे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर मात्र घाई नको. तिथे पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंक ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. थोडा वेळ मशीन चालवून गरम करावे, बंद करून वीज काढावी आणि मग हीटसिंक हलकेच फिरवत सोडवावे.

इतके सगळे ठीक असूनही तापमान चढत असेल, तर दोष मशीन वापरणाऱ्याच्या माथी मारू नये. आधी टास्क मॅनेजर उघडून कुठला प्रोग्रॅम प्रोसेसर व्यापून बसला आहे का ते पाहावे. मग बायोसमधली वीजमर्यादा तपासावी. इंटेलच्या आय९-१४९००के या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १२५ वॅट आणि कमाल २५३ वॅट; पण अनेक मदरबोर्ड कारखान्यातूनच ही मर्यादा उठवून येत होते. चाचण्यांत दोन टक्के जास्त गुण मिळावेत म्हणून सामान्य ग्राहकाच्या टेबलावर भट्टी ठेवण्याचा हा प्रकार अजिबात समर्थनीय नाही. २०२४ मध्ये इंटेलला मदरबोर्ड कंपन्यांना मूळ मर्यादाच लागू करायला सांगावे लागले. त्याच वर्षी जुलैत तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर का होतात याचे कारण कंपनीने जाहीर केले: मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. दुरुस्ती बायोस अपडेटमधून आली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. ज्या प्रोसेसरची आधीच हानी झाली आहे तो अपडेटने बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो. आपल्याकडे असे मशीन असलेल्या कितीतरी जणांपर्यंत ही माहिती दुकानदाराने पोचवायला हवी होती.

उलट, प्रत्येक मोठा आकडा म्हणजे बिघाड नव्हे. २०२२च्या रायझेन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत, असे एएमडीनेच सांगितले. ते खटकत असेल तर बायोसमधला इको मोड आहे. कामगिरी थोडी उतरते, उष्णता पुष्कळ.

दुरुस्ती करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मशीन उघडणे, हीटसिंक काढून साफ करणे, पेस्ट लावणे, पुन्हा बसवून तापमान तपासणे यात तासभर सहज जातो. ग्राहक मात्र ‘नुसती धूळ तर उडवलीत’ म्हणून घासाघीस करतो आणि फॉरमॅटचे पैसे मुकाट्याने देतो. मग दुकानदारही फॉरमॅटच करतो. या कामाचे पैसे द्यायला हवेत, कारण पुढचा नव्या मदरबोर्डचा आणि प्रोसेसरचा खर्च त्याने वाचू शकतो. डीटीपीची ऑफिसे, एमएस-सीआयटीचे वर्ग, शाळांच्या संगणक खोल्या, आपले सरकार सेवा केंद्रे यांचा बराच भार आजही डेस्कटॉपवर आहे. त्यांच्या वार्षिक देखभाल करारात उन्हाळ्यापूर्वीची साफसफाई आणि ठरावीक काळाने पेस्ट बदलणे लेखी असावे.

घरच्या ग्राहकाने एवढे करावे. मशीन दुकानात देताना आणि परत घेताना, तेच काम दहा मिनिटे चालवून, प्रोसेसरचे तापमान बिलावर लिहून मागावे. शेजारी खोलीचे तापमानही असावे. आकडा खाली आला नसेल तर मशीन घेऊन जाऊ नये.