शेवट ठाऊक असलेली गोष्ट

ज्या गोष्टीचा शेवट ऐकणाराला आधींच ठाऊक आहे ती गोष्ट सांगावी कशाला, असा प्रश्न अलीकडे सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत वारंवार निघतो. प्रश्नाचें निमित्त दूरचित्रवाणीवरील मालिकांचें आहे. गुन्ह्याची किंवा रहस्याची एखादी कथा लोकप्रिय झाली, कीं तिचे कर्ते पुढें जाण्याऐवजीं मागें जातात आणि त्याच माणसांच्या आयुष्यांत पूर्वीं काय घडलें तें सांगूं लागतात. इंग्रजींत अशा कथेला 'प्रिक्वेल' म्हणतात. आम्ही तिला पूर्वकथा म्हणूं. मराठींत तिचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे झी मराठी वाहिनीवरील 'रात्रीस खेळ चाले' हें होय. या मालिकेचा पहिला भाग 2016 सालीं झाला. त्याचा आरंभच कोंकणांतील नाईकवाड्याचे यजमान अण्णा नाईक यांच्या मृत्यूनें होता. 2019 च्या जानेवारींत दुसरा भाग सुरू झाला, तो मात्र अण्णा हयात असतांनाच्या काळांतला. आणि माधव अभ्यंकर यांचे अण्णा, अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता व शकुंतला नरे यांची माई हीं तीन पात्रें महाराष्ट्रांत घरोघरीं ओळखीचीं झालीं.

आमचें सोलापूर कोंकणापासून दूर. येथें मराठीच्या जोडीला कानडी आणि तेलुगू कानावर पडते. मालवणी बोलीचा प्रसंग विरळा. तरीहि त्या दिवसांत हुरड्याच्या बैठकींत, लग्नाच्या पंगतींत आणि प्राध्यापकांच्या खोलींतसुद्धां आदल्या रात्रींच्या भागाची चर्चा मालवणी हेल काढून चालत असे. त्या मालिकेचा दुसरा भाग 2020 सालीं संपला, परंतु चर्चा करण्याची जी रीत तिनें आम्हांला लावली ती संपलेली नाहीं. जी जी नवी गुन्हेकथा येते तिच्याविषयीं लोक त्याच रीतीनें बोलतात. या चर्चेंत दोन पक्ष दिसतात, आणि दोन्ही पक्षांशीं आमचा वाद आहे.

पहिला पक्ष विद्वानांचा. त्यांचें म्हणणें असें कीं, गुन्हेकथेचा प्राण म्हणजे कुतूहल. अण्णा मरणार हें ज्याला ठाऊक आहे त्याला कसलें कुतूहल उरणार? तेव्हां पूर्वकथा म्हणजे चोथा झालेला ऊंस पुन्हां चरकांत घालण्याचा व्यापार. हा आक्षेप ऐकून आम्हांला नवल वाटतें, कारण तो करणारे गृहस्थ कीर्तनाच्या देशांत वाढलेले आहेत. हरिश्चंद्राचें आख्यान ऐकावयास बसलेल्या श्रोत्यांपैकीं शेवट ठाऊक नसलेला श्रोता कधीं कोणी पाहिला आहे काय? ज्या गांवच्या रामजोशांनीं लावणीहि रचिली आणि कीर्तनहि केलें, त्या गांवांत तरी हें सांगण्याची पाळी येऊं नये. कीर्तनकार आधीं पूर्वरंगांत तत्त्व सांगून मोकळा होतो आणि मग उत्तररंगांत सर्वांच्या ओळखीची कथा लावतो. तरी श्रोते जागचे हलत नाहींत.

याहून मोठा पुरावा मराठी रंगभूमीचाच आहे. खाडिलकरांचें 'कीचकवध' 1907 सालीं रंगभूमीवर आलें. नांवांतच शेवट! पडदा उघडण्यापूर्वीं कीचक मरणार हें प्रत्येक प्रेक्षकाला माहीत. तरीहि त्या नाटकानें महाराष्ट्र इतका हलविला कीं, 1910 सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली. कुतूहल हाच प्राण असता तर सरकारला भिण्याचें कारण काय होतें? शेवट ठाऊक असल्यामुळें प्रेक्षकाचें मन 'पुढें काय' या प्रश्नांतून सुटलें, आणि 'सैरंध्री गाऱ्हाणें घेऊन भर दरबारांत उभी असतां विराट राजा गप्प कां' या प्रश्नाकडे वळलें. तें वळलें म्हणूनच त्याला कीचकांत कर्झनसाहेब दिसले. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीचें सामर्थ्य हें असें आहे. सामान्य गुन्हेकथा विचारते, हें कोणीं केलें? पूर्वकथा विचारते, हें होऊं कोणीं दिलें? दुसरा प्रश्न पहिल्याहून कठीण आहे. कारण त्याच्या उत्तरांत एकटा अपराधी सांपडत नाहीं, सगळा गांव सांपडतो.

आतां दुसरा पक्ष, म्हणजे भक्तांचा. पूर्वकथेवर यांची प्रीति उदंड. पण तिनें जो प्रश्न विचारला तो कानाआड करून हे लोक भलतेंच बोलत बसतात. त्यांच्यांत कांहीं कारकून आहेत. पहिल्या भागांत अमुक पात्राचें वय इतकें होतें, मग दुसऱ्या भागांत तें इतकें कसें. तेथें एक गोष्ट एका रीतीनें सांगितली होती, येथें ती दुसऱ्या रीतीनें कशी, अशी यांची जमाखर्चाची वही रोज उघडते. हा व्यवसाय अगदींच फुकट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. इंग्लंडांत कॉलिन डेक्स्टर यांच्या मोर्स नांवाच्या पोलिस अधिकाऱ्यावरील मालिका 1987 पासून 2000 पर्यंत चालली आणि त्याच्या तरुणपणाची 'एन्डेव्हर' ही पूर्वकथा 2012 पासून 2023 पर्यंत. पूर्वकथेंत थर्सडे नांवाचा एक वडीलधारा अधिकारी तरुण मोर्सला पुत्रवत् वागवितो. आतां म्हाताऱ्या मोर्सच्या तोंडीं या थर्सडेचें नांव कधींच येत नाहीं! दिसावयास ही विसंगति. पण तेथील प्रेक्षकांनीं ती चूक म्हणून वहींत मांडून ठेविली नाहीं. ज्यानें आपल्याला घडविलें त्याचें नांव हा मनुष्य जन्मभर कां घेत नाहीं, असें त्यांनीं विचारलें. आणि कर्त्यांना शेवटच्या भागांत त्या मौनाचें उत्तर द्यावें लागलें. विसंगति शोधणें वाईट नव्हे. ती शोधून तेथेंच थांबणें वाईट.

आमच्या कारकुनांना असा प्रश्न सुचला असता तर तो माईविषयीं सुचावयास हवा होता. दुसऱ्या भागांत या स्त्रीच्या वांट्याला काय आलें तें सर्वांनीं रोज रात्रीं साडेदहा वाजतां पाहिलें. नवऱ्याचा बाहेरख्यालीपणा तिनें सोसला. शेवंतेचें नांव तिच्या घरांत तिच्यादेखत निघे. हीच स्त्री पहिल्या भागांत अण्णांच्या मागें वाड्यांत वैधव्याचें दुःख करितांना दिसली होती. मग तें दुःख कसलें? तें प्रेम, कीं संवय, कीं भय, कीं लोकांसाठीं नेसलेलें लुगडें? एवढ्या एका प्रश्नावर महिनाभर चर्चा व्हावी असा तो प्रश्न आहे. आम्हीं ज्या बैठकी पाहिल्या त्यांत तो एकदांहि निघाला नाहीं.

तो निघाला नाहीं, कारण बैठकीचा खरा ताबा कारकुनांकडे नसून अण्णांच्या भाटांकडे होता. जो मनुष्य व्यसनी, स्त्रीलंपट आणि खुनी म्हणून दाखविला, त्याचें खांकरणें, त्याचें दरडावणें, त्याचें शेवंतेकडे पाहणें यांच्या नकला घरोघरीं झाल्या. 'अण्णा' हा जणूं घरांतलाच एक मिस्किल आजोबा होऊन बसला. नटाचा अभिनय उत्कृष्ट होता यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्या वासनेपायीं माणसें मेलीं त्याच्या वाक्यांवर जेथें हंशा पिकतो, तेथें मेलेल्यांची आठवण कोण ठेवणार? गडकऱ्यांचें 'एकच प्याला' 1919 सालीं त्यांच्या मागें रंगभूमीवर आलें. त्यांतील तळीरामाच्या कोट्यांना आणि आर्यमदिरामंडळाला लोक पोट धरधरून हंसत. पण नाटक सुटल्यावर डोळे पुशीत जात ते सिंधूसाठीं. बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्रानें आपल्या घरची मानिली. तळीरामाला हंसून सिंधूसाठीं रडणारा प्रेक्षक आणि अण्णांना हंसून माईला विसरणारा प्रेक्षक यांच्यांत शंभर वर्षांचें अंतर आहे; तें अंतर प्रगतीचें आहे असें कोणीं सिद्ध करून दाखवावें.

यावर कोणी म्हणेल, "प्राध्यापकमहाशय, दिवसभर दमलेलीं माणसें घटकाभर करमणूक करितात, त्यांच्यापुढें नीतीचें पुस्तक कशाला उघडतां?" आमचें उत्तर असें कीं, करमणुकीला आमची हरकत नाहीं आणि बंदी तर आम्हांला मुळींच नको, 'कीचकवधा'वर ती घालणारे कोण होते हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. पण प्रेक्षकांची चर्चा ही निरुपद्रवी वाफ आहे, हा समज चुकीचा आहे. ती कर्त्याला दिलेली मागणी असते. कॉनन डॉयल यांनीं 1893 सालीं शेरलॉक होम्सला मारलें. वाचकांची ओरड थांबेना, तेव्हां 1901 सालीं त्यांनीं त्या मृत्यूच्या आधीं घडलेली म्हणून एक दीर्घ कथा लिहिली, आणि 1903 सालीं तर होम्सला जिवंतच करून परत आणिलें. आमच्याकडेहि तेंच झालें. 2021 सालीं 'रात्रीस खेळ चाले'चा तिसरा भाग आला, आणि मेलेले अण्णा व शेवंता पुन्हां पडद्यावर उभे राहिले. लोकांनीं होम्सला परत मागितलें तेव्हां निदान गुन्हा शोधणाराला मागितलें होतें. आम्हीं गुन्हा करणाराला मागितलें.

या मागणीची किंमत कोण देतें, हें पाहावयास कोंकणांत जावयास नको. ज्या दिवाणखान्यांत अण्णांची नक्कल होते त्याच दिवाणखान्याच्या दाराशीं चहाचे पेले घेऊन घरांतली सून उभी असते. आपल्या घरांतील पुरुषांना खुनी लंपटाचें कौतुक वाटतें आणि त्याच्या बायकोचें नांवहि आठवत नाहीं, हें ती ऐकते. शेजारच्या घरांतून रात्रीं ओरडण्याचा आवाज आला, तर दार वाजवावयास यांच्यापैकीं कोण उठेल, याचा हिशेब ती मनांत करून ठेवते. मुलगाहि तेथेंच बसलेला असतो. कोणाच्या वाक्यावर वडील हंसतात हें तो शिकतो. अण्णांचें वागणें नाईकवाड्यांत आणि गांवांत कोणाला ठाऊक नव्हतें असें थोडेंच आहे? सर्वांना ठाऊक होतें; आणि कोणीहि बोललें नाहीं. पूर्वकथेनें आम्हांला दाखविलें तें हेंच, आणि तें पाहून आम्हीं काय केलें, तर त्या गप्प गांवांत आणखी कांहीं लाख माणसांची भर घातली.

म्हणून पुढील वेळीं एखादी पूर्वकथा सुरू झाली, तर 'शेवट ठाऊक आहे, मग पाहावयाची कशाला' असें विद्वानांनीं म्हणूं नये. आणि भक्तांनीं वयांचे हिशेब व वाक्यांच्या नकला यांवर रात्र घालवूं नये. प्रत्येक भागानंतर एवढेंच विचारावें: आज हें कोणाला थांबवितां आलें असतें, आणि त्यानें कां थांबविलें नाहीं? ज्या घरांत हा प्रश्न निघेल त्या घरच्या सुनेला चहा देऊन आंत जावेंसें वाटणार नाहीं. तीहि बसेल, आणि तिला सांगण्यासारखें पुष्कळ असेल.