बास म्हणजे पुरे!

(द्वितीय वर्ष कला)

मराठीत ‘बास’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, ध्वनिक्षेपकातून निघून छातीवर बुक्की मारणारा खर्ज. आणि दुसरा, ‘पुरे कर आता!’ गेल्या गणेशोत्सवात आमच्या वाडीतल्या वडीलधाऱ्यांनी माझ्या बाबतीत हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला. त्यावेळी मला राग आला होता. आज वाटते, त्यांचे बरोबर होते. कसे, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारे लागते. डोंगराच्या कुशीत दोन पुळणी, आणि वरून जाणारा वळणावळणाचा रस्ता. पर्यटक तिथे गाडी थांबवून फोटो काढतात आणि पुढे जातात. आम्ही तिथेच राहतो. माझे आजोबा नमनात मृदंग वाजवायचे. आता वयोमानाने नमनाला उभे राहणे होत नाही, पण हात अजून तयार आहे. त्यांचा मृदंग मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायचा, त्याखाली संगणकावर तयार केलेला बास घालायचा, वर थोडे इलेक्ट्रॉनिक सूर सोडायचे, आणि ते गीत गणपतीत मंडळाच्या बॉक्सवर वाजवायचे, असा माझा बेत होता. जुन्या-नव्याचा संगम वगैरे शब्दही मी भाषणासाठी जुळवून ठेवले होते.

गीत वाजले. बास असा घुमला की मांडवाचे पत्रे थरथरले. पोरे खूष झाली. मी धावत आजोबांकडे गेलो. ते म्हणाले, “बाबू, समुद्र छान ऐकू येतोय. पण मृदंग कुठं आहे?”

मित्रहो, ज्या वाद्यासाठी सगळा खटाटोप केला तेच वाद्य मी बुडवले होते. आणि ते बुडवताना माझ्या पडद्यावर मृदंगाची पट्टी सर्वांत वर होती! ही गोष्ट मला कित्येक दिवस छळत राहिली. नवशिक्या माणसाला वाटते, जे ऐकू येत नाही ते मोठे करावे. मी मृदंग वाढवला, मग बास दुबळा वाटला म्हणून बास वाढवला, मग पुन्हा मृदंग. दोन भाऊ वाटणीवरून भांडावेत तसा हा प्रकार. भांडण आवाजाचे नव्हतेच, जागेचे होते.

थोडे शास्त्र सांगतो. माणसाचा कान साधारणपणे सेकंदाला 20 ते 20,000 कंपने ऐकतो. बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 41 कंपनांवर बोलते. इलेक्ट्रॉनिक ढोलाचा, ज्याला ‘किक’ म्हणतात त्याचा, घुमारा बहुधा 50 ते 100 च्या दरम्यान असतो, आणि मृदंगाच्या डाव्या तोंडाचाही त्याच शेजारात. एवढ्याशा पट्ट्यात दोघे एकदम बोलू लागले की कानाला ते वेगळे काढता येत नाहीत; जो अधिक लांबतो तो दुसऱ्याला झाकतो. थाप क्षणभराची, बासचा सूर लांबलचक. म्हणून थाप हरते. शिवाय दोन सारख्या लाटा नेमक्या एकावर एक आल्या तर त्यांची उंची दुप्पट होते, म्हणजे 6 डेसिबलची भर पडते. संगणकातल्या आवाजाला एक छत असते. त्याच्यावर गेलेले शिखर सरळ छाटले जाते आणि भरदार थापेऐवजी फुटका पत्रा ऐकू येतो.

यात माझ्या खोलीनेही मला फसवले. ती 11 फूट लांब. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, तेव्हा 50 कंपनांच्या स्वराची लाट जवळजवळ 7 मीटर लांब भरते. तिची निम्मी लांबी म्हणजे बरोबर माझी खोली! अशा खोलीत तो स्वर भिंतीशी फुगतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. मी पाट मांडल्यासारखा बरोबर मध्ये बसलो होतो. मला बास कमी वाटे आणि मी तो वाढवी. खुर्ची चार फूट मागे सरकवली असती तर तेवढ्यानेच माझी बरीचशी फजिती टळली असती.

आणखी एक घोटाळा रात्रीचा. घरचे झोपले की मी आवाज बारीक करून काम करी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज मोठा केला की तो भराभर वर येतो. रात्री बारीक आवाजात ‘बरोबर’ वाटलेला माझा बास मांडवात राक्षस होऊन उभा राहिला तो यामुळे. म्हणजे बारीक आवाजात काम करू नये असे नाही. उलट, बारीक आवाजात थाप स्पष्ट ऐकू येते की नाही ही उत्तम परीक्षा आहे. फक्त खर्जाचा निवाडा एकाच आवाजावर आणि एकाच जागी बसून करू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या विषयावरची माहिती मी इंग्रजीतून मिळवली, आणि ती वाचताना वाटे की हा सगळा परदेशी कारभार आहे. मग एके दिवशी आजोबा मृदंग लावताना त्यांच्याजवळ बसलो. डाव्या तोंडाला त्यांनी ओली कणीक लावली, थाप मारली, मान हलवली, बोटाने चिमूटभर कणीक काढली, पुन्हा थाप मारली. ते आवाज मोठा करत नव्हते. खर्ज कुठे बसवायचा ते ठरवत होते. कणीक वाढवली की स्वर खाली जातो, काढली की वर येतो. माझ्या संगणकावर ज्या कामाला मी चार बटणे फिरवत होतो ते काम ते पिठाच्या गोळ्याने करत होते! चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की आपल्या चर्मवाद्यांवरच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर सुरेल होतात. आपल्याकडे ताल हा नुसता खडखडाट नाही. त्याला स्वर आहे. मग बासचा स्वर आणि मृदंगाचा स्वर एकमेकांना धरून हवेत, हे मला आधीच सुचायला हवे होते.

दुसरा धडा तबल्याचा. तीनतालात खालीच्या सुमारास ‘धिं’चा ‘तिं’ होतो तो उगाच नव्हे. डग्ग्याचा घुमारा काही मात्रा थांबतो, आणि तो परत येतो तेव्हा समेची ओढ लागते. डग्गा सोळा मात्रा सारखा घुमत राहिला असता तर त्याचे घुमणे कुणाच्या लक्षातही राहिले नसते. ‘साईडचेन कॉम्प्रेशन’ नावाची जी युक्ती इंग्रजीतून वाचून मी भारावलो होतो, ती तरी काय आहे? थाप पडली की बासने निमिषभर मान खाली घालायची आणि थाप विरली की पुन्हा वर यायचे. प्रत्येक थापेला बासला दिलेली ती एक छोटीशी ‘खाली’च होय.

हा काही केवळ माझा कल्पनाविलास नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. ढोलाचे काम रोलंड कंपनीच्या ‘टीआर-808’ या यंत्राकडे आणि खर्जाचे ‘टीबी-303’कडे. त्या खर्जाला चिरकी धार आहे, म्हणून तो ढोलाच्या घुमाऱ्यावर लोळत नाही, त्याच्या वर उठून दिसतो. त्यावेळी तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. शिकागोत ‘ॲसिड हाऊस’ म्हणून जो प्रकार गाजला तो 1987 च्या सुमाराचा. पुढे 2010 मध्ये ही ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली तेव्हा कुठे जगाने भुवया उंचावल्या.

तेव्हा मी सगळे पुसून पुन्हा सुरुवात केली. आधी एकटा मृदंग ठेवला आणि वर भरपूर मोकळी जागा सोडली. मग बास हळूहळू वर आणला, आणि थाप झाकली जाऊ लागताच थांबून किंचित मागे घेतला. खालचा मजला बासला दिला आणि मृदंगाचा घुमारा त्याच्या वरच्या मजल्यावर ठेवला. बासमधून तेवढा भाग थोडा कापला. टाळ आणि गळा यांच्यातली नको असलेली खालची घरघर काढून टाकली. बासचे लांब सूर आखूड केले. यातून जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही बटणाने पडला नाही. शेवटी ते गीत मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकले. त्याला खरा खर्ज पेलत नाही. पण बासला वरचे उपस्वर असतील तर त्यांवरून मूळ स्वर कान स्वतःच ओळखून घेतो. म्हणून बासला थोडी धार दिली.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला माझ्या मित्रांचा: “लोकांना दणकाच हवा असतो.” मान्य! पण दणका म्हणजे आघात, आणि आघाताच्या आधी शांतता लागते. अखंड गडगडाटात दणका कुठला? शिवाय निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांनी घातलेली आहे. शेजारच्या घरात तान्हे मूल असते, आजारी माणूस असते. दुसरा आक्षेप काही वडीलधाऱ्यांचा: “मृदंगाला यंत्राची संगत हवीच कशाला?” त्यांना एवढेच विचारतो, पेटी कुठून आली? ती युरोपातून आली, आणि आज तिच्याविना आपले भजन उभे राहत नाही. यंत्राचे वावडे नको. यंत्राने कुणाला गिळू नये, एवढेच.

आपल्या स्नेहसंमेलनाच्या समितीला माझी एक नम्र सूचना आहे. यंदा ध्वनियोजना करताना एका विद्यार्थ्याला सभागृहाच्या मध्यावर, एकाला मागच्या भिंतीशी आणि एकाला दाराबाहेर उभे करा. तिघांनाही गाण्याचे शब्द आणि तबल्याची थाप ऐकू आली तरच आवाज पुढे वाढवा. याला पैसा लागत नाही. आणि आमच्यासारख्या नवशिक्यांसाठी प्राध्यापकांनी वर्षातून एखादी दुपार नुसत्या ऐकण्यासाठी राखून ठेवली तर आम्ही ऋणी राहू.

राहता राहिले आजोबा. नवे गीत त्यांना पडवीत ऐकवले. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “चौथ्या फेरीला माझा हात घसरलाय. ते पुन्हा घेऊ.” त्यांना आपली चूक ऐकू आली होती. मला एवढे बास होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याआधी मृदंग काढून, कणीक भिजवून बसले होते.